निकाहची सीडी कॉपी होत नाही? फेकण्याआधी हे करून बघा

कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या अल्बमच्या शेजारी, बहुतेक घरांत सीडींचं एक पाकीट पडलेलं असतं. कुणाचा निकाह, कुणाचा वलीमा, कुणाचा अकीका. हजला निघालेल्या दादा-दादीला निरोप द्यायला जमलेली सगळी वस्ती. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवलेले फोटो. मोबाइलने शूटिंग करण्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांचा हा सगळा ऐवज डिस्कवर आहे. त्यात दिसणारी कितीतरी माणसं आज हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

आता घरातलं कुणीतरी ठरवतं की हे सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायचं. डिस्क घातली, फाइल कॉपीला लावली. अर्ध्यावर येऊन काम अडकतं, ड्राइव्ह घरघर करतो आणि पडद्यावर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ नाहीतर ‘कॅनॉट रीड फ्रॉम द सोर्स फाइल ऑर डिस्क’ असा संदेश येतो. घरात एकच निष्कर्ष निघतो: “सीडी गेली.”

बहुतेक वेळा सीडी गेलेली नसते. कॉपी थांबली याचा अर्थ एवढाच की डिस्कवरची एखादी जागा वाचता आली नाही. ती जागा सोडून बाकीचं काढून घेता येतं. त्यासाठी कामाचा क्रम ठाऊक हवा.

एरर येतो म्हणजे नेमकं काय होतं?

डिस्कवरची माहिती छोट्या छोट्या कप्प्यांत असते. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती मावते. ७०० एमबीच्या सीडीत असे सुमारे ३ लाख ६० हजार आणि ४.७ जीबीच्या डीव्हीडीत सुमारे २३ लाख सेक्टर असतात. माहितीसोबत दुरुस्तीचे जादा आकडेही लिहिलेले असतात. त्यामुळे लहानसहान ओरखडे आले तरी ड्राइव्ह गहाळ झालेलं स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला कळतही नाही.

नुकसान या दुरुस्तीच्या पलीकडे गेलं की एरर येतो. आणि इथेच खरी गोम आहे. विंडोजची नेहमीची कॉपी-पेस्ट एक सेक्टर वाचता आला नाही की अख्खी फाइल सोडून देते. १ जीबीची फाइल ९९ टक्के उतरली असली तरी ती फेकून देते. म्हणजे नुकसान मूठभर, पण हातात काहीच नाही.

प्रत्यक्षात डीव्हीडीवर १६ सेक्टरांचा गठ्ठा एकत्र दुरुस्त होतो. म्हणून वाचता न आलेली जागा सहसा ३२ केबीच्या तुकड्याने जाते. निकाहच्या व्हिडिओत तेवढा तुकडा म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. चित्र अर्धा-एक सेकंद फुटेल, चौकोन चौकोन दिसतील आणि व्हिडिओ पुढे चालू राहील. एवढ्यासाठी दोन तासांचं शूटिंग कोण सोडून देईल?

रुखसतच का अडकते?

अनेकांचा अनुभव असा की सुरुवातीचा भाग नीट दिसतो आणि रुखसतीच्या वेळी डिस्क अडकते. याला कारण आहे. सीडी-डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळ सुरुवात, बाहेरच्या कडेला शेवट. बोटांचे ठसे, धूळ, घासणं हे सगळं कडेलाच जास्त होतं. घाईत, जास्त वेगाने बर्न केलेल्या डिस्कचं लिखाणही कडेकडे कच्चं असू शकतं. म्हणून शेवटचा भाग आधी दगा देतो.

दुसरं कारण म्हणजे रंग. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरने तो जागोजागी बदलून माहिती लिहिलेली असते. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग उतरतो. दमटपणामुळे वरचा चकाकणारा थर खराब होतो. कोकणात चार महिने पावसात राहिलेलं पाकीट किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला डबा, दोन्ही डिस्कचे दुश्मन. त्यामुळे “पुढच्या सुट्टीत बघू” म्हणत राहिलं तर डिस्क सुधारणार नाही, ती आणखी उतरेल.

आधी डिस्क ओळखा

आपण सगळ्यालाच “सीडी” म्हणतो, पण आत वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडून आत कोणते फोल्डर आहेत ते बघा.

‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असेल तर ती डीव्हीडी. आत ‘व्हीओबी’ प्रकारच्या मोठ्या फाइली असतात, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची. तोच खरा व्हिडिओ.

‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर असेल तर ती व्हीसीडी. आत ‘डीएटी’ प्रकारच्या फाइली असतात. जुन्या लग्नांचे दोन-तीन सीडींचे संच बहुधा याच प्रकारचे.

नुसत्या ‘सीडीए’ प्रकारच्या फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. या फाइली कॉपी करून उपयोग नाही. प्रत्येक फाइल अवघी ४४ बाइटची असते, तो फक्त पत्ता आहे, आवाज नाही. आवाज काढण्यासाठी ‘रिप’ करावं लागतं. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्राम शंका येईल ती जागा पुन्हा पुन्हा वाचून पडताळतो. दादांचं बयान किंवा नानीची लोरी अशा सीडीवर असेल तर हाच रस्ता धरा.

डिस्क कोरी दिसत असेल पण मागच्या बाजूला लिहिल्याची गडद पट्टी दिसत असेल, तर ती ‘फायनलाइज’ न केलेली असू शकते. डीव्हीडीवर शूटिंग करणाऱ्या हँडीकॅमच्या लहान डिस्क बऱ्याचदा अशा राहून गेल्या आहेत. ज्या कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये ती भरली त्यातच घालून फायनलाइज करा. ते यंत्र मिळत नसेल तर ‘आयएसओबस्टर’ हा प्रोग्राम अशा डिस्कमधलं लपलेलं लिखाण शोधतो. त्यातल्या काही कामांसाठी पैसे भरावे लागतात, पण डिस्कवर काय आहे ते फुकटात बघता येतं.

पहिली पायरी: पुसणं, पण नीट

मऊ सुती कापड घ्या. चष्मा पुसायचं असेल तर उत्तम. कोमट पाण्यात हात धुण्याच्या साबणाचा एक थेंब पुरे. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेघेत पुसा. गोल गोल फिरवून पुसू नका. लिखाण गोलाकार असतं, त्यामुळे गोल ओरखडा एकाच ओळीवर लांबवर पसरतो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो. सरळ ओरखडा प्रत्येक ओळीला फक्त एका ठिकाणी छेदतो, तो भरून निघतो. मग पूर्ण सुकू द्या.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर बिलकुल नको. प्लॅस्टिक धुरकट होतं. टूथपेस्ट लावायचा सल्ला बरेच जण देतात. टूथपेस्ट म्हणजे घासून गुळगुळीत करणं. त्याने कधी फायदा होतो, कधी नवे ओरखडे येतात. जेवढं निघतंय तेवढं काढून घेतल्याशिवाय हा जुगार खेळू नका.

आणखी एक तपासणी. डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला चकाकणारा थर निघाला आहे. तेवढी जागा आता कुठल्याही ड्राइव्हला वाचता येणार नाही. सीडीत हा थर नावाच्या बाजूला, रंगाच्या अगदी खाली असतो. म्हणून सीडीची वरची बाजू जास्त नाजूक. तिथे चिकटवलेला स्टिकर ओढून काढलात तर माहिती स्टिकरसोबत निघून येईल. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती थोडी सुरक्षित.

डिस्कला तडा गेला असेल, विशेषतः मधल्या भोकापासून निघालेला, तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. वेगाने फिरताना तुकडे होऊन ड्राइव्हही जातो.

दुसरी पायरी: ड्राइव्ह बदला

एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो, असं वारंवार होतं. प्रत्येकाची लेझर, भिंग आणि चुका सावरण्याची ताकद वेगळी. म्हणून निदान दोन-तीन ड्राइव्हवर करून बघा. चाचांच्या घरचा जुना डेस्कटॉप, शेजाऱ्यांचा लॅपटॉप, बाजारात मिळणारा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह. मोठ्या डेस्कटॉपमधले जुने ड्राइव्ह पातळ लॅपटॉपी ड्राइव्हपेक्षा पुष्कळदा चिवट निघतात. ज्या ड्राइव्हवर डिस्क बर्न केली तोच अजून चालू असेल तर तो आधी वापरा.

यूएसबीचा ड्राइव्ह वापरताना तो थेट कॉम्प्युटरला जोडा, हबला नको. वीज कमी पडली की ड्राइव्ह मध्येच बंद पडतो आणि दोष डिस्कवर येतो. थंड खोलीतून आणलेली डिस्क लगेच घालू नका, बाष्प धरतं.

तिसरी पायरी: कॉपीची पद्धत बदला

सगळ्यात महत्त्वाचं हेच. नियम एकच लक्षात ठेवा: जे सहज वाचता येतं ते आधी काढा, अडलेल्या जागेशी झुंज नंतर.

विंडोजवर साधा उपाय म्हणजे ‘अनस्टॉपेबल कॉपियर’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम. तो खराब जागेवर थांबत नाही. काही वेळा प्रयत्न करतो, नाही जमलं तर ती जागा रिकामी सोडून पुढे जातो आणि फाइल पूर्ण लांबीची उतरवतो. ज्यांना फक्त फोटो किंवा व्हिडिओच्या फाइली हव्यात त्यांना बहुधा एवढं पुरतं.

डिस्क जास्त खराब असेल तर फाइल-फाइल न करता अख्ख्या डिस्कची ‘इमेज’ काढा. इमेज म्हणजे डिस्कची सेक्टर-सेक्टर नक्कल असलेली एकच मोठी फाइल. डीव्हीडी किंवा फोटोंच्या सीडीसाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे उत्तम हत्यार आहे. ते लिनक्सवर चालतं. त्यासाठी विंडोज काढायची गरज नाही. उबुंटू पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून कॉम्प्युटर चालू करता येतो. घरात इंजिनिअरिंग किंवा आयटीआय करणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना अर्ध्या तासात जमेल.

डीडीरेस्क्यूची खुबी अशी की ते एक नकाशा ठेवतं. कोणता भाग उतरला, कोणता राहिला, याची नोंद वेगळ्या फाइलीत राहते. पहिल्या फेरीत ते भराभर चांगला भाग उतरवतं. मग राहिलेल्या जागांवर परत येतं. मध्येच लाइट गेली तरी काम वाया जात नाही, नकाशा बघून ते पुढे सुरू होतं. इमेज आणि नकाशा तसाच ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. एका ड्राइव्हने सोडलेलं दुसरा भरतो.

याचाच पुढचा फायदा आपल्या घरांसाठी मोठा आहे. निकाहच्या डिस्कचा एक संच मुलीकडे आणि एक मुलाकडे दिलेला असतो. शिवाय मुंबईच्या खालाकडे किंवा दुबईतल्या मामूंकडे एखादी प्रत गेलेली असते. दोन्ही डिस्क एकाच इमेजवरून बनलेल्या असतील तर त्यांचे सेक्टर सारखेच असतात. मुलीकडच्या डिस्कवर जिथे भोक पडलं आहे, नेमकी तीच जागा मुलाकडच्या डिस्कवरही खराब असण्याची शक्यता कमी. दोन अर्धवट डिस्क मिळून एक पूर्ण व्हिडिओ निघू शकतो. म्हणून हार मानण्याआधी रिश्तेदारांना एक फोन करा.

या कामाला वेळ लागतो. चांगली डीव्हीडी १५-२० मिनिटांत उतरते, खराब डिस्क रात्रभर घेऊ शकते. ड्राइव्हच्या वेग कमी करण्याच्या सोयीचा उपयोग करा. कमी वेगात खराब जागा बऱ्याचदा वाचली जाते.

व्हीसीडीची वेगळी अडचण

व्हीसीडी चकचकीत, ओरखडा एकही नाही, प्लेअरवर छान चालते, तरी कॉपी होताना एरर देते. का? व्हीसीडीत व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या पद्धतीचे असतात. जास्त चित्र मावावं म्हणून त्यात दुरुस्तीचा एक थर सोडून दिलेला असतो आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात. त्यामुळे लहानशी चूकही थेट फाइलपर्यंत पोचते आणि साधी कॉपी करणारे प्रोग्राम गोंधळतात. इथे आयएसओबस्टरने व्हिडिओ ट्रॅक काढून घ्यावा. डीएटी फाइल उतरली की ती ‘व्हीएलसी’ प्लेअरमध्ये चालते.

फाइल उतरली, पण चालत नाही

व्हिडिओ असेल तर आधी व्हीएलसीमध्ये लावा. तुटलेल्या फाइलीही तो बऱ्यापैकी चालवतो. मग ‘हँडब्रेक’ने एमपी४ करून घ्या, मोबाइलवर सगळ्यांना बघता येईल. मूळ उतरवलेली फाइल मात्र पुसू नका. एमपी४ करताना चित्राचा दर्जा थोडा उतरतो.

फोटो असेल तर खराब जागेच्या वरचा भाग दिसेल, खालचा राखाडी होईल किंवा रंग बदलेल. एमपी३मध्ये क्षणभर खट्ट आवाज येईल. झिप फाइल मात्र नाजूक असते. एक तुकडा गेला की आतली काहीतरी जाते, पण बाकीच्या फाइली दुरुस्तीच्या प्रोग्रामने अनेकदा निघतात.

कॉम्प्युटरवर काहीच चालत नसेल आणि घरच्या डीव्हीडी प्लेअरवर डिस्क चालत असेल, तर शेवटचा उपाय आहे. प्लेअरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी यूएसबीच्या ‘व्हिडिओ कॅप्चर’ला जोडायच्या आणि डिस्क चालू असताना कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. दोन तासांची डिस्क दोन तास घेईल, पण व्हिडिओ वाचेल.

दुकानात देताना

घरी जमत नसेल तर दुकान किंवा स्टुडिओ आहेच. पण जनानखान्यातलं शूटिंग, घरच्या बायका-मुलींचे फोटो बाहेर देताना विचार करा. शक्यतो ओळखीच्या माणसाकडे जा, काम होईपर्यंत थांबा, काम झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरमधली प्रत आपल्यासमोर पुसून घ्या. “आम्ही घासून देतो” म्हटलं तर आधी विचारा, कॉपीचा प्रयत्न केला का? घासण्याचा उपयोग फक्त खालच्या बाजूच्या ओरखड्यांना होतो. रंग उतरलेली किंवा वरचा थर निघालेली डिस्क घासून सुधारत नाही.

निघाल्यावर

उतरवलेला व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघा. आकडा जुळला म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन प्रती ठेवा, एक घरात, एक दुसऱ्या घरात किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत ही प्रत समजू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो. जुनी डिस्कही लगेच फेकू नका. उद्या चांगला ड्राइव्ह हाती लागला तर राहिलेलं भरता येईल. ती उभी, डबीत, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. वर लिहायचंच असेल तर बॉलपेन नको, मऊ टोकाचा मार्कर वापरा.

आणि एक काम कॉम्प्युटरचं नाही, ते आजच करता येईल. फाइलीचं नाव ‘नवीन फोल्डर २’ ठेवू नका. कुणाचा निकाह, कोणतं गाव, कोणतं साल, हे नावातच लिहा. मग अम्मी किंवा फुफीला शेजारी बसवून व्हिडिओ लावा आणि कोण कोण दिसतंय ते विचारून वहीत उतरवा. सेक्टर वाचले तरी चेहरे ओळखणारी माणसं कायम राहत नाहीत. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची जागाच नसते, जुने ड्राइव्ह भंगारात जात आहेत आणि डिस्कवरचा रंग रोज थोडा उतरतो आहे. ईदला सगळे जमतील तेव्हा पाकीट काढू, असं नको. पाकीट या रविवारी काढा, म्हणजे ईदला सगळ्यांना दाखवायला काहीतरी हाती असेल.